आर्वीकडे ढकललेला पाऊस

वाईट बातमी सांगायची वेळ आली की अंदाजकाकांची जीभ आपोआप मऊ व्हायची. अल्लीपूरच्या ग्रामपंचायतीत ते शिपाई होते आणि नळ कधी येणार, लाइट कधी जाणार हे भोंग्यावरून सांगायचं काम त्यांच्याकडे होतं. निवृत्त झाले तरी माईक त्यांच्या हातून कोणी घेतला नाही. दिवाळीच्या आठवड्यात मोबाइलवर आलेला हवामानाचा अंदाज ते रोज सकाळी गावाला वाचून दाखवत, म्हणून ते अंदाजकाका. खरं नाव आधार कार्डावर होतं, ते तिथेच राहिलं.

आमच्याकडे दिवाळी म्हणजे सोयाबीन कापून वावरात गंजी लागलेली आणि कपाशीची बोंडं फुटून पांढरीशुभ्र झालेली. बाया घरात चकल्या पाडत असतात, पण सगळ्यांचं अर्धं लक्ष आभाळाकडे. अशा वेळी 'मेघगर्जनेसह मध्यम स्वरूपाचा पाऊस' हे शब्द गावाच्या कानावर घालणं काकांच्या जिवावर यायचं. ते एका दमात वाचून टाकत आणि लगेच पुस्ती जोडत, "म्हणजे थोडासाक शिरवा येईन, बाप्पा. ताडपत्री टाकजा अन् आपली दिवाळी करजा. जास्तीचा पाऊस आर्वीकडे आहे."

आर्वी तालुक्यात, रोहण्याला, त्यांची सख्खी बहीण दिलेली होती. भाऊबीजेला आली की ती ओवाळायच्या आधीच भांडायची, "काऊन रे भाऊ, साऱ्या गावाचा पाऊस माह्याच वावरात धाडतं?" काका लाजून हसायचे आणि ओवाळणी वाढवायचे.

सगळ्याच बाबतीत त्यांचा हाच खाक्या. मी बारावीला नापास झालो तेव्हा निकाल आमच्या बाबांच्या कानावर घालायला तेच आले. "पोरगं पास होता होता राह्यलं," असं त्यांनी सांगितलं आणि बाबा क्षणभर खूशच झाले. एका दिवाळीत त्यांच्या 'थोडासाक शिरव्या'वर विसंबून आमचं सोयाबीन भिजलं. बाबा तावातावाने जाब विचारायला गेले, तर काका स्वतःच्या ओल्या गंजीपाशी डोक्याला हात लावून बसलेले. आपल्या अंदाजावर त्यांचाही विश्वास बसला होता. बाबा चहा पिऊन परत आले.

काकूंचा मात्र त्या अंदाजावर काडीचा भरवसा नव्हता. त्या शेजारपाजारच्या बायांना सांगायच्या, "यायनं थोडासाक म्हटलं का दोन ताडपत्र्या टाकजा." पुढे अख्ख्या गावाला ही युक्ती जमली. काका जेवढं सांगत त्याच्या दुप्पट धरून आम्ही चालायचो, त्यामुळे त्यांच्या मऊपणाने कोणाचं फारसं बिघडत नव्हतं. जे ऐकायला गोड ते काकांकडून घ्यायचं आणि जे करायचं ते काकूंना विचारून करायचं, असं आमचं ठरून गेलं होतं. त्यांची एकुलती एक मुलगी सुनंदा तेवढी नोकरीसाठी पुण्याला गेली, आणि दूर राहून ही युक्ती विसरली.

दोन वर्षांपूर्वी, दिवाळी तोंडावर आली असताना, काकूंचं जुनं दुखणं एकदम वाढलं. मीच त्यांना गाडीतून वर्ध्याच्या दवाखान्यात नेलं होतं. डॉक्टरांनी काकांना आणि मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं की आता फार दिवस नाहीत, कोणाला बोलवायचं असेल तर बोलवा. परतताना काका मागच्या सीटवर काकूंचा हात धरून सांगू लागले, "डॉक्टर म्हणते थोडीशी कमजोरी आहे. दिवाळी झाली का उघडते."

काकू खिडकीतून बाहेरची कपाशी पाहत होत्या. "म्हणजे दोन ताडपत्र्या टाका लागते," त्या म्हणाल्या आणि हसल्या. मला समोरचा रस्ता दिसेना.

घरी येऊन काकांनी माझ्यासमोरच सुनंदाला फोन लावला. "आईले थोडंसाक बरं नाई. धनतेरसचं तिकीट आहे ना तुह्यापाशी, त्यानंच ये. घाई नोको करू." मी चिडलो. म्हटलं, काका, तिला आजच्या आज बोलवा. ते कळवळून म्हणाले, "एकटी पोट्टी, रेल्वेत रातभर रडत येईन रे. तिले काऊन भेव दाखवाव?" दुसऱ्या दिवशी मी पुन्हा म्हटलं तर "संध्याकाळी करतो" म्हणाले. आत काकू विचारत होत्या, "सुनी निघाली का?" आणि काका दारातूनच उत्तर देत होते, "निघूनच राह्यली."

काकू गेल्या तेव्हा धनतेरस अजून पुढे होती. तेव्हाही काकांनी फोनवर फक्त "जरा जास्त आहे, ये" एवढंच सांगितलं. सुनंदा आली ती पिशवीत मोसंबी घेऊन. दारात माणसं पाहिली आणि ती जागीच थांबली. आईचं तोंड तिला दिसलं, आवाज ऐकायचा राहून गेला. ती रडली नाही, ओरडली नाही. बापाकडे पाहून एवढंच म्हणाली, "बाबा, तुमी थोडंसाक म्हटलं होतं." काका म्हणाले, "हो माय, म्हटलं." त्या दोघांकडे मला पाहवलं नाही, मी अंगणात जाऊन उभा राहिलो.

त्या दिवाळीत भोंगा वाजलाच नाही. पुढच्या वर्षी वाजला, पण काकांचा आवाज कोरडा झाला होता. जे आलं असेल ते वाचायचं आणि माईक बंद करायचा. एका म्हातारीने पारावर त्यांना गाठून विचारलं, "काऊन जी, यंदा आर्वीकडे नाई का धाडला?" काका म्हणाले, "नाई माय. आपल्याचकडे आहे." खरं सांगतो, तो अचूक अंदाज गावात कोणालाच आवडला नाही.

यंदा दसऱ्यानंतर त्यांनी अंथरूण धरलं. मी शेजारी बसलो असताना त्यांनी स्वतः फोन मागून घेतला आणि लेकीला म्हणाले, "सुने, मी जगत नाई आता. आजच निघ." पुढे कसली पुस्ती जोडली नाही. ती दुसऱ्याच दिवशी पोचली. शेवटचे दिवस तिने त्यांना चमच्याने पेज भरवली, त्यांचे पाय चेपले, दोघं काकूंच्या गोष्टी काढून हसलेसुद्धा. ते गेले तेव्हा त्यांचा हात तिच्या हातात होता.

सगळं आटोपल्यावर मी तिला एस.टी. स्टँडवर सोडायला गेलो. तिची समजूत काढावी म्हणून म्हटलं, निदान या वेळी त्यांनी खरं सांगितलं, म्हणून तुमची भेट तरी झाली.

"हो, झाली," ती म्हणाली. बस आली तरी तिने पिशवी उचलली नाही. "पण भाऊ, त्या रेल्वेत रातभर रडली मी. बाजूची बाई पाणी पाजून राह्यली, अन् मी रडूनच राह्यली. तेवढ्यासाठीच तं बाबा मले सांगत नव्हते."