मायनस ऐंशीची जमुनाबाई

वीस वर्षांपूर्वी जमुनाबाई अमरावतीला विद्यापीठात नव्यानं लागली, तेव्हा फरशी पुसता पुसता तिच्या कानावर एक भांडण पडलं. दाराआड प्रयोगशाळेच्या रमा मॅडम होत्या आणि त्यांचा विद्यार्थी किशोर.

"उघड्या हातानं नळी धरलीस?"

"एकच तर, मॅडम. इतकं कोण पाहते?"

"मी पाहते! बोटाच्या घामानंसुद्धा आरएनए नासतो, आणि तू वर आकडे लिहून मोकळा? ओत ते मोरीत. माझ्यासमोर ओत!"

मोरीत ओतल्याचा आवाज आला. जमुनाबाई पोछा धरून तशीच उभी. भातकुलीकडची बाई, सातवी नापास, चपराशी नवरा गेल्यावर त्याच्या जागी लागलेली. आरएनए हा कोणत्या झाडाचा पाला, तेही तिला ठाऊक नव्हतं. पण आपल्या घामानं काही मरतं, हे तिच्या जिवाला फार लागलं. दुसऱ्याच दिवशी तिनं हातमोजे मागून घेतले.

पुढं मॅडमनीच तिला समजावलं. शरीराची मोठी पोथी देवघरात असते, ती हलवायची नसते. आज काय रांधायचं तेवढं चिठ्ठीवर उतरवून चुलीकडं धाडतात. ती चिठ्ठी म्हणजे आरएनए. काम झालं की फेकायचीच, म्हणून जातीनंच नाजूक. सिकलसेल, म्हणजे रक्ताचा जन्मजात आजार असलेल्या लेकरांना एक गोळी देतात. कोणाला ती मानवते, कोणाला नाही. रक्तातल्या चिठ्ठ्या वाचून ते आधीच कळावं, हे मॅडमचं काम. अकोल्याच्या एका दवाखान्यातून ते रक्त बर्फाच्या पेटीत आणायचं, मायनस ऐंशी अंशांच्या फ्रीजरात ठेवायचं आणि रोज दोनदा त्यावरचा आकडा रजिस्टरात लिहायचा, हे जमुनाबाईचं.

मॅडम निवृत्त झाल्या. त्यांच्या खुर्चीवर आले किशोर सर. माणूस मोठा होतो हो, खोड काही त्याच्यासोबत शाळेत जात नाही.

यंदाच्या एप्रिलात सरांचा सत्कार ठरला. मशिनी पाहुण्यांना दिसाव्या म्हणून प्रयोगशाळेतच. वऱ्हाडातला एप्रिल, कूलरशिवाय पाहुणा टेकत नाही. शनिवारी भलामोठा कूलर आणला आणि त्यासाठी कोणीतरी फ्रीजरची पिन काढली. फ्रीजर बिचारा धोक्याची घंटी वाजवून ओरडायला लागला, तर भाषणात अडथळा नको म्हणून बटण दाबून त्याचं तोंडही बंद केलं. शाल झाली, श्रीफळ झालं, समोसे झाले. कूलर परत गेला. पिन लावायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही. आणि जमुनाबाई त्या दिवशी नेमकी रजेवर, पुतणीच्या लग्नाला.

सोमवारी तिनं दार उघडलं आणि पदर नाकाला लावला. फ्रीजरखाली लालसर पाण्याचं थारोळं, त्यावर माशा, काठाला कोणाचा तरी उष्टा समोसा. आत दोन वर्षांच्या चाळीस नळ्या, काहींची झाकणं सुटलेली.

किशोर सर आले, तोंडावर रुमाल. "पिन लावा. गोठू द्या परत."

"सर, आता गोठवून काय होते? चिठ्ठ्या तं सडल्या."

"अहवाल पंधरा तारखेला द्यायचा आहे, जमुनाबाई. शनिवार-रविवारच्या रकान्यात मायनस ऐंशी लिहून टाका. इतकं कोण पाहते?"

वीस वर्षांत केस पिकले, शब्द तेच.

तिच्या डोळ्यांपुढं पौर्णिमा आली, अकोल्याच्या माणिकबाईची सात वर्षांची नात. हाडं दुखली की मांजरीच्या पिलासारखी विव्हळायची. तिची गोळी चालू ठेवायची की बंद करायची, हे यातल्या एका नळीवरून ठरणार होतं. सडक्या नळीवरून!

"मी नाही लिवत."

"रिटायरमेंटले एकच महिना राहिला तुमचा. पेन्शनचे कागद माह्याच सहीनं जातात."

"म्हून तं! एक्या महिन्यासाठी हात कावून बाटवू? तुमच्या खांद्यावर शाल पडली, तवा लेकरांचं रक्त खाली वाहून राह्यलं होतं. लाज नसन येत तं तो रुमाल काढा सर, वास तरी घ्या."

तिनं पेन उचललं. शनिवार, पिन काढली. रविवार, बंद. सोमवार, छत्तीस. आणि रजिस्टर काखेत मारून ती थेट रागिणी मॅडमकडं गेली. रक्त देणाऱ्यांच्या भल्याबुऱ्याचं पाहायची समिती त्यांच्याकडं होती.

अहवाल थांबला. सगळ्यांचं रक्त नव्यानं घ्यायचं ठरलं. सरांना एक नोटीस मिळाली, तिला त्यांनी गोड उत्तर दिलं, आणि शाल त्यांच्या खोलीत काचेच्या कपाटात जशीच्या तशी राहिली. तिथून जाताना जमुनाबाई तोंड फिरवायची. बुरशी लागलेल्या लोणच्याकडं पाहावं तसं व्हायचं तिला.

अकोल्याच्या आयांना सांगायला सर गेले नाहीत. जमुनाबाई गेली. एकेक करत महिना सरला. शेवटी राहिली माणिकबाई, आणि तो दिवस एकतीस मे, जमुनाबाईच्या नोकरीचा अखेरचा.

माणिकबाई दवाखान्याच्या पायरीवरच उसळली. "काय वं जमुने, पोरीची शीर घावत नाई, तीनदा टोचलं होतं. अन् तुमी कूलरच्या हवेपायी त्याचं पाणी केलं?"

"केलं. आमीच केलं."

"घरचं दूध नासलं तरी बाई चार दिवस हळहळते. आमचं रक्त त्याच्याहून सस्तं?"

"दे मले शिव्या, माय. पोटभर दे. पण रक्त दे. खोट्या कागदावर पोरीची गोळी नको ठरू देऊ."

माणिकबाई बाजूला पचकन थुंकली. मग नातीला मांडीवर घेतलं. "तू सोता नेशीन, तरच."

पौर्णिमानं जमुनाबाईकडं पाहत बाही वर केली. "आजी, आता सांडू नको हं."

परतीच्या एसटीत पेटी जमुनाबाईच्या मांडीवर. मूर्तिजापूरला कंडक्टरनं विचारलं, "काय बाई, कुल्फी हाय का?"

"अमानत हाय."

"मंग तिचंही टिकिट लागन!"

"फाड," ती म्हणाली.

बडनेऱ्याला तिनं झाकण किलकिलं करून बर्फ पाहिला. विद्यापीठात पोचली तेव्हा ऑफिस सुटलं होतं. नळी खणात ठेवली, आकडा खाली येईस्तोवर फ्रीजरसमोर उभी राहिली, मग तो रजिस्टरात लिहिला. दार ओढून घेतलं, किल्ली चौकीदाराच्या खिळ्याला अडकवली आणि भातकुलीच्या गाडीला लागली.