डब्यावरचा संशय

कारखान्यात तिला नावानं कुणी हाक मारत नसे. सगळ्यांसाठी ती भिंगबाई. तयार कपड्यांच्या आमच्या कारखान्यात ती शेवटच्या टेबलावर बसायची आणि तिच्या हाताखालून गेल्याशिवाय एकही शर्ट खोक्यात पडत नसे. मी शेजारच्या टेबलावर बटणं ओढून बघायचे. इतकी वर्षं तिच्या बाजूला बसून मला एवढं नक्की कळलं होतं, की दोष सापडला की तिचा जीव थंड व्हायचा आणि नाही सापडला की ती अस्वस्थ व्हायची. "एवढं नीट कसं काय शिवलं?" म्हणत तोच शर्ट पुन्हा उलटा करायची.

घरीही तीच तऱ्हा. नवरा बस चालवायचा. त्याला यायला उशीर झाला, की ती आधी त्याच्या बुटांकडे बघायची, मग तोंडाकडे. सून म्हणाली, "आई, आज छान दिसताय," तर हिचा प्रश्न, "का गं, काय हवंय?"

मग तिचे डोळे पिवळे पडले, पोट फुगलं, पाय सुजले. लिव्हर पार आकसलंय, ते बदलण्यावाचून इलाज नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. वर्षानुवर्षांची साखर आणि लिव्हरमध्ये साठलेली चरबी, एवढंच कारण. पण आमच्या रांगेतल्या बायकांना ते पटेना. "दारूशिवाय लिव्हर जातं होय कुठे?" अशी कुजबुज सुरू झाली. एकीनं तर ती जागेवर नसताना तिच्या पाण्याच्या बाटलीचं झाकण काढून वास घेतला. मी पाहिलं. दारातून परत येताना भिंगबाईनंही पाहिलं. तिनं ती बाटली उचलली, मोरीत रिकामी केली आणि त्यानंतर कारखान्यात पाणी प्यायचंच सोडलं.

लिव्हरचा तुकडा द्यायला मुलगा तयार झाला. तो फ्रिज दुरुस्त करायचा, धट्टाकट्टा होता, रक्तगटही जुळला. सून मात्र स्वयंपाकघरात सगळ्यांसमोर स्पष्ट बोलली. "त्यांचं पोट फाडायला माझं मन घेत नाही. आमची पोर अजून रांगतेय. उद्या यांनाच काही झालं तर मी कुणाकडे बघू?" मुलानं तिला समजावलं. शेवटी ती गप्प झाली आणि सही करताना त्याच्या शेजारी बसली. पण भिंगबाईनं पलीकडच्या खोलीतून पहिलं वाक्य ऐकलं होतं आणि तिच्या मनात तेवढंच राहिलं.

ऑपरेशन चांगलं झालं. माय-लेक दोघंही घरी आले. नव्या लिव्हरला शरीरानं परकं समजून हाकलू नये, म्हणून भिंगबाईची प्रतिकारशक्ती औषधांनी मुद्दाम दाबून ठेवलेली होती. घरी सोडताना डॉक्टर म्हणाल्या होत्या, "बाहेरचा जंतू घरात येऊ देऊ नका." सुनेनं ते अगदी मनावर घेतलं. पाणी उकळून, भाजी उकडून, फळ सोलून, येणाऱ्याला दारातूनच वाटेला लावून. एका खोलीत नवरा कण्हतोय, दुसऱ्या खोलीत सासू, आणि मध्ये ती पोरीला कडेवर घेऊन फिरतेय. तिचे हात साबणानं सोलवटले होते.

एका दुपारी सूप पिऊन झालं आणि भिंगबाईला हुडहुडी भरली. दात वाजायला लागले, ताप चढला, बोलणं तुटक व्हायला लागलं. ॲम्ब्युलन्स आली. स्ट्रेचरवर घेताना तिनं नवऱ्याची बाही धरली.

"अहो, ते उरलेलं सूप फेकू नका. बाटलीत भरून आणा."

"कशाला?"

"तपासायला. तिनं केलंय ना ते."

नवरा बिचारा भांबावलेला. त्यानं खरंच सूप बाटलीत भरलं आणि पिशवीत लपवून हॉस्पिटलात नेलं.

रक्तात जंतू सापडला. तोही साधा नाही, नेहमीच्या औषधांना दाद न देणारा. औषध चालू झालं, ताप हळूहळू उतरायला लागला आणि शुद्ध नीट येताच भिंगबाई कामाला लागली. सून रोज डबा आणायची, आणि ती गेली की ही तो न खाता पलंगाशेजारच्या छोट्या कपाटात ठेवायची. घरून रिकामे डबे परत मागितले, की "उद्या देते" म्हणायची. मी तोंडाला मास्क लावून भेटायला गेले, तर ना हालहवाल, ना काही. हळूच म्हणाली, "तुझी नजर चांगली आहे. ती आली की बघ, हात कोपरापर्यंत धुते का नुसती बोटं ओली करते."

"अगं, सून आहे तुझी."

"म्हणूनच. परक्याला माझं काय पडलंय?"

दोन दिवसांनी कपाटातून वास यायला लागला. सिस्टरनं दार उघडलं आणि नाकाला रुमाल लावून मागे सरली. डॉक्टर आल्या तेव्हा डबे आणि सुपाची बाटली टेबलावर मांडलेलीच होती.

"काकू, हे काय?"

"पुरावा," भिंगबाई म्हणाली. "लॅबमध्ये पाठवा. जंतू कुठून आला ते कळेल."

डॉक्टर खुर्ची ओढून बसल्या. "तो कुठून आला असावा, ते आम्हाला बरंचसं माहीत आहे. तुमच्याच आतड्यातून."

भिंगबाईला हे पटण्यासारखं नव्हतं. डॉक्टर सावकाश सांगत राहिल्या. प्रत्येकाच्या आतड्यात जंतूंची वस्ती असते. बहुतेक उपयोगी असतात, काही दांडगट, पण आतड्याची भिंत शाबूत असली की सगळे आपल्या जागी राहतात. मोठं ऑपरेशन, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं आणि भले जंतूही मारणारी अँटिबायोटिक्स, यांनी ती भिंत कमकुवत होते, दांडग्यांना मोकळं रान मिळतं आणि एखादा थेट रक्तात घुसतो. लिव्हर बदललेल्यांमध्ये हे होतं. ऑपरेशनच्या आधी शौचाच्या जागेचा नमुना घेतला होता, त्यात हाच जंतू होता. कोणत्या औषधाला तो मरतो नि कोणत्याला जुमानत नाही, तेही जुळलं. पित्ताची नळी तपासली, तिथे गळती नव्हती.

भिंगबाईनं डोळे बारीक केले. "म्हणजे तुम्हाला आधीपासून माहीत होतं? आणि मला सांगितलं नाही?"

"सांगितलं होतं. मुलाला आणि काकांना. असा जंतू असलेल्या सगळ्यांनाच त्रास होतो असं नाही. पण तो आहे हे माहीत होतं, म्हणून तर ताप आल्या आल्या नेमकं औषध देता आलं."

"का तुमच्या वॉर्डातलं काही लागलं मला, आणि आता माझ्याच पोटावर ढकलताय?"

डॉक्टर रागावल्या नाहीत. "वॉर्डावर संशय घ्या, हरकत नाही. आम्हीही घेतो, तपासतो. अगदी शंभर टक्के असं मीही म्हणणार नाही. पण सुपावर नका घेऊ. ते तुमच्या पोटात जायच्या कितीतरी आधी हा जंतू तिथे होता."

हे सगळं चाललं असताना दारात सून उभी होती, हातात नवा डबा. बाहेर सिस्टरनं तिला भाबडेपणानं विचारलं होतं, "ताई, डबे कपाटात का साठवता?" तेवढ्यावरून तिला सगळं उमगलं होतं. डॉक्टर बाहेर पडल्या, तशी ती आत आली. आवाज चढवला नाही.

"हो, मी नको म्हटलं होतं, आई. तुमच्या तोंडावरही म्हटलं असतं. पण तुमच्या पोटात आता त्यांचं लिव्हर आहे. ते फुकट जावं म्हणून मी सुपात काही कालवीन? त्यांचं पोट मग कशासाठी फाडलं?"

भिंगबाईचा नवरा खिडकीशी उभा होता, त्यानं मान खाली घातली.

"मला वाटलं," भिंगबाई अडखळली. मग म्हणाली, "मला भीती वाटली गं. आपल्याच आतून येतं असं कुणाला वाटेल?"

"भीती वाटली तर मला बोलायचं होतं. बाटल्या भरायच्या नव्हत्या."

सुनेनं नवा डबा टेबलावर ठेवला, जुने पिशवीत भरले आणि ती घासायला घेऊन गेली. भिंगबाईनं त्या दिवशी जेवण पूर्ण संपवलं. पण सून ते बघायला थांबली नव्हती.

भिंगबाई बरी झाली. मुलगाही कामावर जायला लागला. सून पूर्वीसारखंच सगळं करते, फक्त "आई, कसं झालंय?" असं जेवताना विचारत नाही. भिंगबाईनं माफी मागितली, तीही तिच्या पद्धतीनं. एकदा भाजी निवडायला जाऊन बसली आणि म्हणाली, "तू जशी निवडतेस तशीच राहू दे. मी बघत नाही." सून "बरं" म्हणाली. पुढे काही नाही.

परवा तपासणीला जाताना मुलाला सुट्टी मिळाली नाही, तर सूनच सोबत आली. मीही होते. बाकावर बसलेल्या एका बाईनं सुनेला विचारलं, "तुमच्या आई का?"

"सासूबाई," सून म्हणाली. "लिव्हर माझ्या नवऱ्याचं आहे."

भिंगबाईनं झटकन मान वळवून तिच्याकडे पाहिलं. त्या बोलण्यात अभिमान होता, की टोमणा, की नुसतीच माहिती, हे तिला ताडता आलं नाही. मलाही आलं नाही. ती विचारायला म्हणून ओठ उघडणार, तेवढ्यात आतून तिचा नंबर पुकारला. सुनेनं हात पुढे केला. भिंगबाईनं तो धरला आणि न विचारताच उठली.