डेलिबरेट म्हणजे मुद्दाम नव्हे

रूथमावशी गेल्याचं सॅमीनं फोनवर सांगितलं, तेव्हा त्याच्या आवाजामागे कुठेतरी भात झोडल्याचा आवाज येत होता. नगरच्या घरात खिडकीशी उभी राहून मी ऐकत होते. आईची धाकटी बहीण गेली हे कळत होतं, आणि कान मात्र त्या संथ धपधपीकडेच लागले होते...

मावशी अकोले तालुक्यातल्या डोंगरातल्या शाळेत इंग्रजी शिकवायची. निवृत्त झाली तरी गाव सोडलं नाही. शब्द उकलून दाखवायची तिला भारी हौस. सुटीत आम्ही भाचरं गेलो की एखादा शब्द घेऊन बसायची, आणि सकाळच्या धुक्यातून समोरची टेकडी हळूहळू वर यावी तसं त्याच्या पोटातलं काहीबाही दिसू लागायचं.

गेल्या वर्षी तिची मूत्रपिंडं थकली. तिच्या मुलानं, सॅमीनं, डायलिसिससाठी तिला नगरला आपल्या घरी आणलं. ती निमूट जायची, यायची, गुंगीत पडून राहायची. पुढे हृदयही साथ देईना. डॉक्टर म्हणाले, डायलिसिसनं थोडे महिने मिळतील, पण बरं काही वाटणार नाही. एकदा दुपारी आम्ही जेवत असताना मावशी म्हणाली, "सॅमी, आता सुई नको. मला गावी ने."

सॅमी ताटावरून उठला. "मुद्दाम मरायचंय का तुला? आमचं काहीच नाही?"

"बस आधी. मुद्दाम नाही रे... डेलिबरेट." त्या थकल्या आवाजातही वर्गातली बाई जागी झाली. "लॅटिनमध्ये लिब्रा म्हणजे तराजू, त्यावरून आलाय हा शब्द. मुद्दाम काय, माणूस रागानंही करतो. डेलिबरेट करायचं तर आधी दोन्ही पारडी भरावी लागतात."

"मग काय भरलंस?"

"एकात तुझ्यासोबतचे हे महिने. फार जड गेलं ते, रडले मी. दुसऱ्यात माझा डोंगर आणि माझी शुद्ध. तुला ओळखत, तुझ्याशी बोलत जायचंय मला."

सॅमी परत ताटावर बसला. मग म्हणाला, "डॉक्टरांशी मी बोलतो."

गावी ती मोजकेच दिवस राहिली. शेजारच्या हिराबाई सांगत होत्या, "बाई बोलता बोलताच गेल्या बगा. पोराचा हात हातात हुता. लई शांत."

परवा मी गावी गेले, तेव्हा सॅमी तिच्या खोलीत होता. तिची खाट अजून खिडकीला टेकवलेली, उशीवर ऊन... डोंगराखालच्या धरणावरचा वारा आत येत होता. मी हळूच विचारलं, "आज पुन्हा तिनं तेच मागितलं असतं, तर?"

"नाहीच म्हणालो असतो," तो चादर सारखी करत म्हणाला. "आणि तरी तिला इथं घेऊन आलो असतो."