भज्यांची परीक्षा

आमच्या पंचवटीतल्या खंडेराव डॉक्टरांना रोग बरा करण्याइतकीच ढोंग उघडं पाडण्याची हौस. कुणी बेशुद्ध पडला की त्याचा हात त्याच्याच तोंडावर धरून ते सोडून देत. खरा बेशुद्ध असेल तर हात थाडकन तोंडावर आपटतो. ढोंग्याचा हात बरोबर बाजूला पडतो. पोटदुखीसाठी खालच्या हॉटेलातून गरम कांदाभजी मागवायचे. दुखणं खरं असेल तर माणूस वासानंच तोंड फिरवतो. खाल्ली तर पकडला गेला! आम्ही शेजारीपाजारी हे किस्से चवीनं ऐकायचो.

अठ्ठ्याहत्तर साली, ऐन कांदाकाढणीत, सायखेड्याची सिंधुबाई आपल्या नव्या सुनेला, चांगुणाला, घेऊन आली.

"कामाचं नाव काढलं का हिचं पोट दुखतंय, डॉक्टर."

डॉक्टरांनी पोटाला हातसुद्धा लावला नाही. बशी पुढं केली. "खा पोरी."

तिनं मान खाली घालून दोन भजी खाल्ली.

"घेऊन जा. काही झालेलं नाही हिला. नाटक आहे सगळं."

दोन दिवसांनी तिला परत आणलं तेव्हा पोट फळीसारखं कडक होतं. अपेंडिक्स फुटलं होतं. डॉक्टरांनी तिलाच विचारलं,

"मग भजी का खाल्लीस गं?"

"तुम्ही दिली ना. सासूबाईंसमोर मोठ्या माणसाला नाय कसं म्हणू?"

डॉक्टरांनी तिला स्वतःच्या गाडीत घालून मोठ्या दवाखान्यात नेलं. ऑपरेशन झालं, पोरगी वाचली. सायखेड्यात मात्र बोभाटा झाला, डॉक्टरांनी सून वाचवली! सासरा वांगी-मेथीची पाटी आणून द्यायचा. डॉक्टर ओशाळे होऊन ती घ्यायचे, पण खरं बोलायला त्यांची जीभ रेटत नव्हती. मला तर त्यांचा रागच यायचा.

तेव्हापासून संशय आला की ते आधी नातेवाइकांना बाहेर काढत. पोट नीट तपासत. काही सापडलं नाही तर हळूच विचारत, "घरी काही त्रास आहे का?" ढोंग्यालाही चारचौघांत खोटं पाडत नसत.

काही वर्षांनी चांगुणा मुलीच्या बारशाचं आमंत्रण घेऊन आली. पाया पडायला वाकली तसे डॉक्टरांनी पाय मागं घेतले.

"नको पोरी. तुझं दुखणं खरं होतं. मीच तुला खोटी ठरवलं."



"मला तवा तसं नाय वाटलं," ती म्हणाली. "तुम्ही एवढे शिकलेले. घरी गेल्यावर लय दुखायचं, पण कोणाला सांगितलंच नाय. म्हटलं, डॉक्टर म्हणत्यात तर आपणच नाटक करत असू."