या, राणीसाहेब

ऑफिसात त्याला शंकासुर म्हणत. चहात साखर आहे की नाही, हेसुद्धा तो दोनदा ढवळून आणि तीनदा चाखून ठरवी. कोडची परीक्षा घेणारी टेस्ट लिहिल्याशिवाय त्याला झोप लागत नसे. त्याचा लाडका विषय म्हणजे ऑब्जेक्टचं, म्हणजे प्रोग्रॅमच्या आत एकेक काम सांभाळणाऱ्या घटकाचं, आयुष्य. काही ऑब्जेक्ट एकदाच बनतात आणि सर्व्हर बंद होईपर्यंत सगळ्यांना पुरतात. काही मात्र वेबसाइटवर येणाऱ्या प्रत्येकासाठी नवे बनतात आणि तो गेला की संपतात. कोणता कसा, हे कोडमधल्या एका ओळीत ठरतं.

"आणि माणसाचं?" बायको विचारी.

"ते खातं माझ्याकडे नाही."

नवऱ्याची प्रत्येक साइट आधी तिने उघडायची आणि तिला नावं ठेवायची, हा घरचा रिवाज. वाचनालयाची साइट सुरू झाली त्या सकाळीही 'राणीसाहेब' या नावाने तीच पहिली आत शिरली. लगेच फोन. "बटण फार खाली आहे हो. पण स्वागत झकास."

त्याच दुपारी तिचं हृदय थांबलं.

रजा संपवून तो आला, तेव्हा मॅनेजरबाई चहा घेऊन त्याच्या टेबलाशी आल्या. "एक तक्रार आहे. वाचनालयाची साइट एका निवृत्त फौजदारांना 'या, राणीसाहेब' म्हणते. नातवंडं त्यांना मुजरा करतात."

"सगळ्यांनाच तसं म्हणते?"

"सगळ्यांनाच."

"मग सर्व्हर बंद करून चालू का नाही केला?"

बाई चष्मा पुसत राहिल्या. "राणीसाहेब कोण, ते सगळ्यांना ठाऊक. कुणाचा हात धजला नाही."

चूक त्याला बसल्या जागी कळली. स्वागताचा ऑब्जेक्ट त्याने 'एकदाच' बनणाऱ्यांत टाकला होता. पहिली पाहुणी आली ती त्यात राहूनच गेली. त्याच्या टेस्टने एकाच पाहुण्याचं नाव दोनदा विचारलं, दोन्हीदा तेच आलं, आणि टेस्ट हिरवी, म्हणजे पास झाली. दुसरा पाहुणा आत सोडून बघावा, एवढी एक शंका तेवढी शंकासुराला आली नव्हती.

त्याने साइट उघडली. या, राणीसाहेब. बंद करून पुन्हा उघडली. दिवसभर त्याने दुसरं काही केलं नाही, आणि कुणी त्याला टोकलंही नाही.

संध्याकाळी त्याने नवी टेस्ट लिहिली. आधी राणीसाहेब येतील, मग फौजदार. दोघांना आपापलं नाव दिसलं पाहिजे. टेस्ट लाल झाली. ती ओळ बदलली, हिरवी झाली. आता फक्त सर्व्हर बंद करायचा उरला.

"मी करू का?" बाईंनी हळूच विचारलं.

"नको. तिचं मी बघतो."

सर्व्हर पुन्हा सुरू झाल्यावर त्याने साइट उघडली. या, शंकासुर.

बटण खरंच फार खाली होतं. ते त्याने वर घेतलं.