जाधव मॅडमचा नेचा

जाधव मॅडमची झाडं माझ्या हातून मेली. पाणी घालायला विसरलो म्हणून नव्हे, पाणी घातलं म्हणून. आणि ती मरत असताना मी गप्प बसलो, हे त्याहून वाईट.

तेव्हा मी मिरजोळे एमआयडीसीतल्या एका आंबा पल्पच्या फॅक्टरीत युटिलिटी इंजिनिअर होतो. युटिलिटी म्हणजे माल सोडून बाकी सगळं: वाफ, हवा, पाणी. माल चांगला निघाला की श्रेय प्रॉडक्शनचं. नळ बंद पडला की फोन मला.

जाधव मॅडम लॅबमध्ये सीनियर केमिस्ट. लॅब पहिल्या मजल्यावर. मे महिन्यात खाली पल्पिंग सुरू झालं की आंब्याचा वास जिना चढून वर यायचा, कपड्यांत बसायचा. बॉयलरच्या पाण्याचं सॅम्पल द्यायच्या निमित्ताने मी दुपारी लॅबमध्ये जायचो आणि चहा पिऊन उतरायचो. खिडकीत मॅडमच्या कुंड्या असायच्या. मनीप्लांट, स्नेक प्लांट, रंगीत पानांचा कोलियस, आणि एक नेचा. तोच, जो आपल्याकडे पावसाळ्यात विहिरीच्या चिऱ्यांतून लोंबतो. आता मी काम करतो त्या कंपनीतल्या लॅबला उघडणारी खिडकीच नाही. चहा मशीनमधून येतो. तो उभ्या उभ्या पिताना मला ती खिडकी आठवते.

सीझन संपला आणि मॅडमनी लांब रजा टाकली. बदलापूरला मुलीचं बाळंतपण होतं.

"मयेकर, झाडं तुमच्याकडे सोपवते."

"माझ्याकडे? मॅडम, आमच्या घरी मला तुळशीजवळ उभं राहू देत नाहीत. बायको म्हणते, तुमचा हात लागला की निवडुंगसुद्धा राजीनामा देतो."

"मग कोणाकडे देऊ? देसाई साहेबांकडे? ते कुंडीला टॅग लावून स्टोअरमध्ये जमा करतील. पाण्याचा माणूस तुम्ही. पाणी घाला, एवढंच."

मग नेच्याची कुंडी जरा पुढे ओढून म्हणाल्या, "बाकीचं काही झालं तरी चालेल. ह्याला जपा. आमच्या विहिरीतला आहे."

त्यांचं माहेर राजापूरच्या अलीकडे. वाडीची विहीर त्यांच्या वडिलांनी इतर चार घरांसोबत स्वतः खणली होती. बांधकामाचा चिराही त्यांनीच डोक्यावरून आणला होता. पूर्वी गावच्या पाणवठ्यावर ज्यांना कोणी वरून पाणी वाढेपर्यंत लांब थांबून राहावं लागायचं, त्यांची ती स्वतःची विहीर. हायवे रुंद झाला तेव्हा ती बुजली. बुजायच्या आदल्या दिवशी मॅडमच्या आईने चिऱ्यातून हा नेचा उपटून लेकीकडे दिला होता. आई आता पडून होत्या, कंबरेचं हाड मोडलं होतं.

मी मनाशी ठरवलं, ह्याला फॅक्टरीतलं सगळ्यांत चांगलं पाणी द्यायचं.

चांगलं पाणी म्हणजे माझ्या लेखी एकच, सॉफ्टनरचं. आमच्या बोअरचं पाणी जड होतं. जड पाणी तापलं की बॉयलरच्या नळ्यांत चुन्यासारखा थर धरतो. म्हणून ते आधी सॉफ्टनर नावाच्या टाकीतून न्यायचं. ही टाकी पाण्यातला चुना काढून घेते आणि त्याच्या जागी सोडियम सोडते. सोडियम येतो मिठातून. आम्ही तिला मिठाची पोती खाऊ घालायचो. बाहेर येणारं पाणी मऊ. त्याने साबणाला सुरेख फेस येतो. बॉयलर खूश, म्हणून मी खूश. बाहेर आषाढ कोसळत होता, पत्र्यावरून पाण्याच्या धारा लागल्या होत्या, आणि मी सॉफ्टनरचा कॅन भरून जिना चढत होतो.

देसाई साहेब आमचे प्लांट मॅनेजर. त्यांनी मला जिन्यात गाठलं.

"मयेकर, ऑडिट आहे. लॅबच्या फरशीवर मातीचा एक थेंब दिसला ना, तर कुंड्या गेटबाहेर. आणि मागोमाग तुम्ही."

मी प्रत्येक कुंडीखाली ताट ठेवलं. ताटात उतरलेलं पाणी दुसऱ्या दिवशी परत कुंडीत ओतायचो. फरशी कोरडी राहिली. स्वतःवर खूश होतो.

नेच्याच्या पानांच्या कडा तपकिरी व्हायला लागल्या. मला वाटलं, एसीच्या हवेने सुकतोय. पाणी वाढवलं. कडा आत सरकल्या. कोलियस मान टाकून बसला. कीड असेल म्हणून फवारा मारला. त्याच आठवड्यात मॅडमचा व्हॉट्सअॅप आला, 'नेचा कसा आहे?'

पहिल्या दिवशी हौसेने काढलेला फोटो मोबाइलमध्ये होता. हिरवागार. मी तोच पाठवला.

उत्तर आलं, 'आईला पाठवला. शेजारणीला बोलावून दाखवला म्हणे.'

तेव्हाच फोन करायला हवा होता. मी अंगठ्याचं चित्र पाठवलं.

माझी चूक मला बॉयलरनेच दाखवली. बॉयलरमधून वाफ निघून जाते, पाण्यातले क्षार मात्र आत राहतात. पाणी भरत राहिलात तर क्षार साठत जातात. म्हणून रोज बुडाचा व्हॉल्व्ह उघडून थोडं दाट पाणी सोडून द्यायचं. त्याला ब्लोडाउन म्हणतात. हे मी नव्या ऑपरेटरांना वर्षानुवर्षं शिकवत आलोय. त्या दिवशी व्हॉल्व्ह उघडला, पाणी फुसफुसत बाहेर पडलं आणि हात चाकावर असतानाच मला वरची ताटं दिसली. झाड पाणी पितं. क्षार मातीत राहतात. खालून जे निघून जायला हवं ते मी रोज परत वरून ओततोय.

खिशातला टीडीएस मीटर घेऊन वर धावलो. हा पेनाएवढा मीटर पाण्यात किती क्षार विरघळलेत ते सांगतो. नेच्याच्या ताटात बुडवला. एवढं दाट पाणी मी बॉयलरमध्येसुद्धा राहू दिलं नसतं.

ताटं फेकली. कुंड्या मागच्या पागोळीखाली नेऊन ठेवल्या. पावसाने माती धुऊन निघाली. मनीप्लांट आणि स्नेक प्लांट तगले. कोलियस गेला. नेच्याची मुळं काढून पाहिली, ती काळी आणि मऊ पडली होती.

मॅडम परतायच्या आधी मी नर्सरीतून तसाच नेचा आणला आणि जुन्या कुंडीत लावला. देसाई साहेब बघत होते.

"सुंदर! कोणाला कळतंय? नेचा तो नेचा. उगाच तोंड उघडू नका."

मॅडम आल्या, बाळाचे फोटो दाखवले, पेढा दिला. कुंडीपाशी जाऊन नेच्याच्या पानांवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "निवडुंग राजीनामा देतो म्हणे! मयेकर, खोटारडे आहात." मी हसलो. त्यांनी पुढे विचारलं, "रविवारी गाडी काढाल का? आईला एकदा डोळ्यांनी बघायचाय. एसटीत कुंडी हिंदकळेल."

नाही कसं म्हणणार होतो? रविवारी निघालो. कुंडी मॅडमच्या मांडीवर. लांजा मागे पडलं. एका वळणाच्या अलीकडे त्यांनी गाडी बाजूला घ्यायला लावली.

"ही बघा आमची विहीर," म्हणाल्या. समोर काँक्रीटचा रस्ता होता. एक टँकर त्यावरून निघून गेला. "आई पाय धुवायला देत नसे काठावर. म्हणायची, बापाची पाठ मोडलीय ह्या पाण्यासाठी."

मी इंजिन बंद केलं आणि सगळं सांगितलं. सॉफ्टनर, ताटं, जुना फोटो, नर्सरी.

त्यांनी मांडीवरची कुंडी उचलून पायाशी ठेवली. "मेला त्याचं नाही, मयेकर," म्हणाल्या. "झाड आहे, मरतं. पण आई रोज तो फोटो बघते हो. तुम्ही तिला मेलेलं दाखवत राहिलात."

"मॅडम, मी..."

"मला नका सांगू. तिला सांगा. मी नाही सांगणार."

काम मी अजूनही तेच करतो. ब्लोडाउन चुकवला की बॉयलर बाहेरून ठणठणीत दिसतो आणि आतून खराब होत जातो, हे ऑपरेटरांना अजूनही शिकवतो. ऐकणाऱ्यांना वाटतं, मी फक्त बॉयलरबद्दल बोलतोय.

घरी पोचलो तेव्हा आई ओटीवर खाटेवर होत्या. कुंडी बघून हात पुढे केला.

"इलास? हय ठेव, उशाकडं. बाई गं, केवढा वाढवलायस! हा कोण, तुझा पाण्याचा इंजिनिअर? बस रे बाबा. चाय घेतोस ना?"

मॅडम दारातच थांबल्या. मी खाटेशी खाली बसलो.

"आई, हा तुमच्या विहिरीतला नाही. हा विकतचा आहे. तुमचा माझ्याकडे दिला होता, तो मी चुकीचं पाणी घालून मारला. फोटो जुना पाठवला, तुम्हाला कळू नये म्हणून. माझं चुकलं. तुमच्यापाशी खोटं बोललो, त्याची माफी मागायला आलोय."