शेटच्या गाडीतला रेडिओ

मी संशयी आहे, हे मी कधी लपवलं नाही. ऑफिसात मला त्याचाच पगार मिळायचा. साहेब लोकांची प्रवासभत्त्याची बिलं माझ्या टेबलावर यायची आणि कोण न गेलेल्या गावाला जाऊन, न राहिलेल्या लॉजवर राहून आलाय, हे मी शोधून काढायचे. ही सवय संध्याकाळी टेबलाच्या खणात ठेवून घरी येता येत नाही. त्यामुळे घरातला बल्ब बदलायला ज्याला चारदा सांगावं लागतं, तो माझा नवरा जेव्हा लागोपाठ दोन रविवार सकाळी आंघोळ करून सातिवलीकडे निघाला, तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली. रविवारी सातिवलीत असतं काय? गाळे, गोदामं आणि ओढलेली शटरं.

"कुठे?" मी दारातच अडवलं.

"रेडिओ बघायला."

"कशाला? घरात टीव्ही आहे, टेप आहे."

"घरात नाही गं, बाबांच्या गाडीत बसवायला. गाडीच्या काळातलाच पाहिजे, म्हणून शोधतोय."

हे बाबा म्हणजे माझे वडील. नवऱ्याने स्कूटरची किल्ली या हातातून त्या हातात घेतली आणि मी समजले, इथे पाणी मुरतंय. पायरीवर उभं करून उलटतपासणी घेतली तेव्हा सगळं बाहेर आलं. बाबांची गाडी विकायची होती, आणि हे सासरे-जावयांनी मला न विचारता परस्पर ठरवलंही होतं.

बाबा उभा जन्म मुंबईत एका शेटकडे ड्रायव्हर होते. शेट थकले, बाहेर पडेनासे झाले, तेव्हा त्यांनी जुनी गाडी बाबांना देऊन टाकली. साठच्या दशकातली, काळी, वाटोळ्या डोळ्यांची. शेटच्या मुलांना गॅरेज रिकामं करून हवं होतं, असा माझा तेव्हापासूनचा संशय. बाबांना मात्र तसं बोललेलं चालायचं नाही. "नावावर करून दिली त्यांनी. कागद करून," एवढंच म्हणायचे. आई गेल्यावर बाबा आमच्याकडे वसईला आले ते एक ट्रंक आणि ही गाडी घेऊन. आमच्या बिल्डिंगखाली, खांबांच्या मधल्या जागेत ती उभी असायची. रोज सकाळी बाबा खाली उतरून तिला पिवळ्या फडक्याने पुसायचे, थोडा वेळ इंजिन चालू ठेवायचे आणि मग वर येऊन चहा प्यायचे.

सोसायटीने एका फ्लॅटला एकच गाडी असा नियम काढला आणि तिथे माशी शिंकली. मुलगी मोठी झाली होती, स्कूटरवर तिघं मावत नव्हतो, नवऱ्याला छोटी का होईना, रोज चालवता येईल अशी गाडी घ्यायची होती. त्यात काही गैर नव्हतं, हे मलाही कबूल होतं. वसई गावात लग्नाला गाड्या भाड्याने देणारा एक जण होता. चर्चला जाणाऱ्या नवरा-नवरीला जुनी गाडी लागते, फोटो छान येतात. त्याला बाबांची गाडी फार आवडली होती. नवऱ्याने बाबांना विचारलं, आणि बाबा ताबडतोब म्हणाले, "द्या की. मला काय विचारायचं त्यात?"

मग दुसऱ्या दिवशी चहा पिताना म्हणाले, "फक्त एक करा जावईबापू. तिच्यात रेडिओची जागा रिकामी आहे. पत्रा मारलाय नुसता. तसाच, त्या वेळचा रेडिओ बसवा आणि मग द्या. अर्धवट गाडी दुसऱ्याच्या दारात पाठवू नये."

लग्नाच्या गाडीवाल्याला रेडिओशी काहीच देणंघेणं नव्हतं. पण नवरा सरळ मनाचा. म्हाताऱ्या माणसाची एवढी इच्छा पुरी करायची, म्हणून तो कामाला लागला होता.

मला राग आला तो कोणाचा, हेच कळेना. नवऱ्याचा म्हणावा, तर तो बिचारा उन्हात फिरत होता. बाबांचा म्हणावा, तर त्यांनी आनंदाने हो म्हटलं होतं. शेवटी माझा संशय जुन्या सामानाच्या दुकानदारावर जाऊन बसला. नवऱ्याला जगात कोणीही शेंडी लावावी! पहिला रेडिओ त्याने आणला तो बाबांनी हातात घेऊन, उलटासुलटा करून परत दिला. "हा नव्हे. हा बराच नंतरचा. ह्याला कॅसेट घालायची फट आहे बघा." दुसऱ्याला फट नव्हती, पण त्याच्यावर एफेमचे आकडे होते. "तेव्हा कुठलं एफेम?" बाबा म्हणाले. म्हटलं, तिसऱ्या खेपेला मीच येते.

सातिवलीच्या त्या गाळ्यात जुने पंखे, टाइपरायटर आणि गाड्यांचे दिवे छतापर्यंत रचलेले होते. मालक भलताच गोड बोलत होता आणि गोड बोलणारा माणूस मला मुळातच खपत नाही. त्याने फडक्यात गुंडाळलेला एक रेडिओ काढला. दोन गोल बटणं, मध्ये पिवळट काच, काचेवर मीडियम वेव्हचे आकडे.

"ताई, साठ-बासष्टचा पीस आहे. असा आता शोधून सापडणार नाही. इंपोर्टेड."

"लावून दाखवा."

त्याने बॅटरीला वायरी लावल्या. बटण फिरवल्याबरोबर खणखणीत गाणं सुरू झालं. मी आतून हसले. बाबांनी निघताना मला सांगितलं होतं, त्या वेळच्या रेडिओत काचेचे वॉल्व्ह असतात. ते तापल्याशिवाय आवाज येत नाही. आधी नुसती घूंऽऽ अशी घरघर, मग दुरून आल्यासारखा आवाज, मग कुठे बोललेलं कळतं. इथे तर बटण फिरतंय तोवर गाणं वाजायला लागलं होतं.

"मागचे स्क्रू बघू," मी म्हटलं.

समोरची पट्टी गंजलेली आणि मागचे स्क्रू मात्र लख्ख. आतल्या वायरी पांढऱ्याफेक नव्या.

"ह्यात एफेमपण लागतो ताई," तो अजूनही खुशीत होता.

"लागणारच. कालच बसवलंय ना तुम्ही!"

त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. नवरा परतताना स्कूटरवर म्हणाला, "तू नसतीस तर गळ्यात मारलाच असता त्याने." मला कित्येक दिवसांत इतकं बरं वाटलं नव्हतं.

पण गंमत पुढेच आहे. त्यानंतर नवऱ्याचाही डोळा तयार झाला. तो आता खोटा माल लांबूनच ओळखायचा, आणलेला रेडिओ खराच असायचा. तरी बाबांचं आपलं "हा नव्हे." एकदा म्हणाले, आपल्या चंदेरी रेडिओला दोन बटणं होती, ह्याला चार आहेत. पुढच्या खेपेला दोन बटणांचा आणला, तर म्हणाले, बटणांच्या मध्ये दाबायच्या पट्ट्या होत्या. पट्ट्यांवाला आणला. तो बाबांनी बराच वेळ मांडीवर ठेवला, काच पुसली आणि म्हणाले, "छान आहे. पण आपला काळ्या तोंडाचा होता. हा चंदेरी."

मी भाजी निवडत होते, ती थांबवली. दोन बटणं म्हणताना त्यांनी चंदेरी म्हटलं होतं. मला पक्कं आठवत होतं. एकाच प्रवासाची दोन बिलं पुढे आली की माझ्या कपाळाची जी शीर उडते, ती उडाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांच्या मागोमाग मी खाली गेले. ते इंजिन चालू करून बसले होते. मी दार उघडून शेजारी बसले.

"बाबा, रेडिओ काळा होता की चंदेरी?"

"आता काय आठवतंय बाय."

"तुम्हाला शेटच्या नातवाच्या बारशाला कोण कोण आलं होतं ते आठवतं. मला फसवू नका. तुम्हाला गाडी द्यायची नाहीये."

बाबा स्टीअरिंगवरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "मग काय करू? जावईबापूंनी तोंड उघडून विचारलं. नाही कसं म्हणू? त्यांच्या घरात राहतो मी."

"त्यांच्या घरात?" माझा आवाज एवढा चढला की वॉचमनने वळून पाहिलं. "त्या घराचा निम्मा हप्ता माझ्या पगारातून जातो! ते माझं घर आहे, आणि तुम्ही माझे वडील आहात!"

"असूदे गं. लेकीच्या घरी माणसाने वाकून राहावं. तू मध्ये पडू नकोस. माझी शपथ आहे. शोधता शोधता ते कंटाळतील, तो गाडीवाला दुसरीकडे जाईल. भांडण नको घरात."

मला रडू आलं आणि संतापही आला. माझे बाबा, ज्यांनी शेटच्या गाडीत विसरलेली सुट्टी नाणीसुद्धा मोजून परत दिली, ते स्वतःच्या वस्तूसाठी चोरासारखे खोटं बोलत होते. मी शपथ पाळायचं ठरवलं, पण त्या दिवसापासून घरात मला धड घास गिळवेना. नवरा रेडिओचं नाव काढायचा तेव्हा मी गॅसकडे तोंड करून उभी राहायचे.

आणि नवरा कंटाळला नाही! तो कंटाळेल ही आशाच चुकीची होती. त्याला नादच लागला होता. चांदीपला कोणा शेतकऱ्याच्या खळ्यात तसल्याच मॉडेलची गाडी गंजत पडलीय असं कुठून तरी त्याच्या कानावर आलं. तो तिकडे गेला, कोंबड्या हाकलून गाडीत शिरला आणि रेडिओ काढून घेऊन आला. मग कुठल्यातरी जुन्या रेडिओ मेकॅनिककडे खेटे घातले, वॉल्व्ह मिळवले. वायरींना डाख देताना हाताला चटके बसले होते, त्यावर मलम लावून तो एका रविवारी खाली गाडीपाशी उभा राहिला आणि आम्हाला हाक मारली.

रेडिओ बॉनेटवर होता. गाडीच्याच बॅटरीला जोडलेला. पत्रा काढून त्याने जागेत आधी बसवूनही बघितला होता, अगदी बरोबर बसला होता. त्याने बटण फिरवलं. काहीच झालं नाही. काचेमागे पिवळा दिवा हळूहळू उजळला. मग घूंऽऽ. मग कुठून तरी लांबून बाईचा आवाज, आकाशवाणीचं काहीतरी, आणि मग स्पष्ट. माझ्यासारख्या बाईलासुद्धा त्यात खोट काढायला जागा नव्हती.

नवरा लहान मुलासारखा बाबांकडे बघत होता. "बाबा, आता बोला. हाच ना?"

मी बाबांकडे बघितलं. मला वाटलं, आता काहीतरी काढतील. आवाज वेगळा, काच वेगळी, काहीही. पण बाबांची नजर रेडिओवर नव्हतीच. ती नवऱ्याच्या भाजलेल्या बोटांवर होती. त्यांनी मान खाली घातली.

"हो," ते म्हणाले. "हाच. द्या आता गाडी."

शपथ गेली खड्ड्यात.

"द्यायची नाही!" मी ओरडले. "कोणी द्यायची नाही. बाबांना गाडी द्यायची नाहीये, कळत कसं नाही तुम्हाला? इतके दिवस तुम्ही रेडिओ आणताय आणि ते नाही म्हणताहेत, कशासाठी? तुम्हाला तोंडावर नाही म्हणायला घाबरतात ते! माझा बाप ह्या घरात घाबरून राहतोय!"

नवरा माझ्याकडे, मग बाबांकडे बघत राहिला. त्याचा चेहरा आधी लाल झाला. मग तो गाडीला टेकला.

"घाबरता? मला?" तो हळूच म्हणाला. "बाबा, एकदा म्हणायचं होतंत. मी स्कूटर चालवेन की. आयुष्यभर चालवेन. मी काय शेट आहे तुमचा?"

बाबांनी फडकं काढलं, पण गाडी पुसायची सोडून स्वतःचे डोळे पुसले. रेडिओवरची बाई कुठल्यातरी पिकावरच्या किडीबद्दल सांगत होती. कोणी तो बंदही केला नाही.

बऱ्याच वेळाने नवऱ्याने विचारलं, "पण निदान एवढं खरं सांगा. ओरिजिनल रेडिओ असाच होता ना? म्हणजे मी बरोबर शोधला ना?"

बाबांनी खाकरल्यासारखं केलं.

"ह्या गाडीला रेडिओ नव्हताच," ते म्हणाले.

"काय?"

"शेटना गाडीत आवाज खपायचा नाही. पत्रा कंपनीतूनच आलेला. ज्याला हवा त्याने काढून रेडिओ बसवायचा. शेजारच्या शेटच्या गाडीत होता. त्यांचा ड्रायव्हर काच खाली करून लावायचा, मी आपल्या गाडीला टेकून ऐकायचो. म्हणून मला वॉल्व्हचं वगैरे माहीत."

मी, जिच्या हातून एक खोटं बिल सुटलं नाही, ती उघड्या तोंडाने बघत राहिले. जगातल्या प्रत्येक दुकानदारावर संशय घेतला, नवऱ्यावर घेतला, बापावरही घेतला. रेडिओवर घ्यायचं सुचलंच नाही. नवऱ्याने कपाळावर हात मारला आणि हसायलाच लागला. मग त्याने बॅटरीची वायर सोडवली. बाई बोलता बोलता गप्प झाली.

"मग ह्याचं आता काय करू?" रेडिओ दोन्ही हातांत धरून तो म्हणाला. "त्या काळात नव्हता, म्हणजे बसवायचाही नाही."

बाबांनी गाडीचं पुढचं दार उघडून धरलं.

"बसवा," ते म्हणाले. "गाडी माझी आहे."